अवधाण का येतं? लसीका ग्रंथीतल्या 'उंच' शिरांविषयी

काचपट्टी

भाचा सुट्टीला आला होता. अंगणात अनवाणी हुंदडताना अंगठ्याला ठेच लागली, नख अर्धं उचकटलं आणि ओरडा बसेल म्हणून पोरानं ते लपवलं. तिसऱ्या दिवशी लंगडायला लागला. जांघेत सुपारीएवढी गाठ, हात लावू देईना. माझ्या आईनं एकदाच चाचपलं आणि म्हणाली, "अवधाण आलंय. पाय दाखव बघू." नख सापडलं. आई चौथी शिकलेली आहे, पण पायाची लसीका (लिम्फ, ऊतींतून झिरपणारा पातळ द्रव) जांघेतल्या ग्रंथीत उतरते हे तिला पक्कं ठाऊक आहे.

शेजारच्या काकू मात्र म्हणाल्या, "विष साचलंय तिथे, चोळून खाली उतरवा." ते ऐकून मला राहवेना. मी १९ वर्षं हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये, म्हणजे ऊतींचे तुकडे तपासतात तिथे, ब्लॉक कापतेय, शेकडो लसीका ग्रंथी माझ्या हातून काचेवर गेल्या आहेत. त्या गाठीत काय चाललेलं असतं ते लोकांना कळावं असं फार दिवस मनात होतं, म्हणून हा धागा.

ग्रंथीचा तुकडा फॉर्मालिनमधून येतो, मेणात बसतो, मायक्रोटोमवर (पातळ काप घेणाऱ्या यंत्रावर) त्याची ४ मायक्रॉनची रिबन निघते. ती कोमट पाण्यावर तरंगवून अलगद काचेवर घ्यायची आणि रंगवायची. सूक्ष्मदर्शकात लो पॉवरला बघाल तर जांभळी खसखस सांडल्यासारखं दिसतं. तो प्रत्येक दाणा म्हणजे एक लिम्फोसाइट, पांढऱ्या पेशींतला एक प्रकार. आता हाय पॉवर लावा आणि कडेच्या गोल पुंजक्यांच्या जरा आत या. तिथे काही बारीक शिरा दिसतील. साध्या शिरेचं अस्तर इतकं पातळ असतं की पेशीचं केंद्रक नुसतं रेघेसारखं दिसतं. या शिरांचं अस्तर मात्र रात्रभर भिजवलेल्या हरभऱ्यांसारखं टपोरं असतं. दोन हरभऱ्यांच्या फटीत, कधी त्यांच्या खाली, खसखशीचे दाणे अडकलेले. त्या पेशी रक्तातून ग्रंथीत शिरत होत्या, आणि नेमक्या त्याच क्षणी फॉर्मालिननं त्यांना धरून ठेवलं. कितीदा बघितलं तरी मी तिथे थांबतेच.

या शिरांचं नाव हाय एंडोथेलियल व्हेन्यूल, थोडक्यात एचईव्ही. अस्तराच्या पेशी उंच, म्हणून 'हाय'. लिम्फोसाइट रक्तातून ग्रंथीत येतात त्या मुख्यतः इथून.

हे कळायला बराच काळ गेला. १९५० च्या दशकापर्यंत लिम्फोसाइट अल्पायुषी असतात असं बहुतेकांना वाटायचं. कोडं असं होतं की उंदराच्या छातीतल्या मोठ्या लसीकावाहिनीतून रोज रक्तात इतक्या लिम्फोसाइट ओतल्या जातात की रक्तातला सगळा साठा दिवसातून कित्येकदा नवा व्हावा. तरी रक्तातला आकडा जिथल्या तिथे. मग जातात कुठे? ऑक्सफर्डला जेम्स गोवन्स यांनी त्या वाहिनीत बारीक नळी घालून लसीका काही दिवस बाहेर काढली. पेशी आटत गेल्या. त्याच पेशी परत शिरेतून दिल्या तर वाहिनीतला ओघ पुन्हा भरला. म्हणजे त्याच पेशी रक्तातून लसीकेत आणि लसीकेतून रक्तात फिरत होत्या. हे १९५९ चं काम. १९६४ मध्ये किरणोत्सारी खूण केलेल्या पेशी रक्तात सोडून त्यांनी वाट दाखवली, आणि ती वाट म्हणजे या टपोऱ्या अस्तराच्या शिरा.

माझ्या सगळ्यात जवळचा प्रयोग १९७६ चा, स्टँपर आणि वुड्रफ या जोडीचा. गोठवलेल्या ग्रंथीचे आमच्यासारखेच पातळ काप घेतले, वर जिवंत लिम्फोसाइटचं पाणी ओतलं आणि ७ अंश सेल्सियसला हलवत ठेवलं. मग धुतलं. कापभर कुठेही चिकटू शकल्या असत्या, पण राहिल्या त्या ठळकपणे एचईव्हीवर. ऊती मेलेली, रक्ताचा प्रवाह नाही, हवा थंडगार, आणि तरी पेशीनं आपला दरवाजा ओळखला! म्हणजे ओळखीची खूण शिरेच्या भिंतीवरच लिहिलेली होती.

ती खूण साखरेची निघाली. एचईव्हीच्या आतल्या बाजूला गंधकयुक्त साखरेच्या साखळ्या असतात आणि लिम्फोसाइटवर त्या धरणारा हात असतो, एल-सिलेक्टिन. पकड इतकी सैल की पेशी थांबत नाही, भिंतीवरून घरंगळत जाते. घरंगळताना तिला भिंतीवर बसलेला एक रासायनिक संदेश लागतो, सीसीएल-२१. तो ओळखणारा सीसीआर-७ अंगावर असेल तर क्षणात तिसरा हात घट्ट होतो, एलएफए-१. पेशी जागच्या जागी थबकते, पसरते, फट शोधते आणि आत जाते.

तिन्ही गोष्टी जुळल्या तरच प्रवेश. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींच्या दुसऱ्या प्रकाराकडेही एल-सिलेक्टिन असतं, तीही इथे घरंगळते, पण सीसीआर-७ नसल्यामुळे पुढे वाहून जाते. म्हणून निरोगी ग्रंथीत लिम्फोसाइटची गर्दी दिसते आणि न्यूट्रोफिल क्वचित.

वावरातला

ताई, फार सुंदर लिहिलंय. आमच्याकडे खुरपं लागलं, काटा मोडला की अवधाण ठरलेलं. मिठाचा शेक देतात. एक विचारतो. गाठ फुगते ती जास्त पेशी आत आल्यामुळे, की आत आलेल्या बाहेर पडत नाहीत म्हणून? शेततळ्याची पातळी चढली तर आम्ही आधी हेच बघतो, आवक वाढलीय की सांडवा बंद आहे.

काचपट्टी

दोन्ही! आणि तुमचा सांडव्याचा शब्द नेमका आहे.

आवक आधी. जखमेतून पकडलेला जंतूचा माल घेऊन डेंड्रिटिक पेशी लसीकेतून ग्रंथीत पोचल्या की ग्रंथीला रक्त पुरवणारी धमनी रुंदावते. जास्त रक्त म्हणजे एचईव्हीवरून जास्त लिम्फोसाइट जाणार, जास्त आत येणार. पुढच्या दिवसांत एचईव्हीचं जाळंही वाढतं.

आता सांडवा. ग्रंथीतून बाहेर पडायची वाट वेगळी, ती लसीकावाहिनीकडे जाते. रक्तात आणि लसीकेत एस-वन-पी नावाचा स्निग्ध रेणू भरपूर असतो, ग्रंथीच्या आत कमी. लिम्फोसाइट त्याच्या ओढीनं बाहेर पडते. संसर्गात इंटरफेरॉन हा धोक्याचा संदेश वाढला की पेशीच्या अंगावर सीडी-६९ नावाचं प्रथिन येतं आणि ते एस-वन-पीचा ग्राहक (त्याला ओळखणारा रिसेप्टर) आत ओढून घेतं. ओढ संपली, पेशी आतच राहिली. हा सांडवा थोडाच काळ बंद असतो, पण आवक चालूच असल्यानं तेवढ्यात गाठ हाताला लागते. पुढे योग्य पेशी सापडली की तिची पिल्लावळ आतच वाढते, ती भर वेगळी.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर एखाद्या ठरावीक जंतूला ओळखणारी लिम्फोसाइट लाखांत एखादी असते. ती शरीरात नेमकी कुठे फिरतेय ते जखमेला माहीत नसतं. म्हणून जखमेचा माल एका गाठीत आणायचा आणि सगळ्या लिम्फोसाइटना त्या गाठीतून जायला लावायचं. एका गाठीत अर्धा-एक दिवस शोध घ्यायचा, नाही जुळलं तर लसीकेतून पुन्हा रक्तात, मग पुढची गाठ.

शेकानं बरं वाटतं तर जरूर द्या, पण गाठ चोळू नका आणि जखम साबण-पाण्यानं धुवा. काटा आत राहिला असेल तर तो काढल्याशिवाय अवधाण बसत नाही.

ऱ्हाईनकाठ

मी जर्मनीत याच्या जवळपासच्या विषयात पीएचडी करतोय. मराठीत हे वाचून खरंच आनंद झाला. एक बारीक भर. उंदरांत एचईव्हीच्या पेशी सीसीएल-२१ स्वतः बनवतात. माणसात तो आजूबाजूच्या जाळीदार पेशी बनवतात आणि एचईव्ही तो आपल्या अंगातून पलीकडे नेऊन आतल्या बाजूला मांडते. म्हणजे ग्रंथीच्या आत जे चाललंय त्याचा फलक शिरेत लागतो, रक्तातून जाणाऱ्या पेशीला दिसेल असा.

अजून एक, कारण मूळ लेखात एचईव्ही नुसती दार वाटते. २०११ मध्ये एकाच वर्षी दोन कामं आली. फ्रान्समधल्या एका गटानं दाखवलं की आत शिरलेल्या लिम्फोसाइट लगेच ग्रंथीत पसरत नाहीत. एचईव्हीच्या भिंतीत खिसे असतात, तिथे त्या ताटकळतात आणि आत जागा झाली की पुढे सोडल्या जातात. बाहेर जाणाऱ्यांचा वेग कमी झाला की खिसे भरतात. म्हणजे आवक-जावक जुळवण्याचं काम शीरच करते. दुसरं काम फ्रान्समधल्याच तुलूझचं, मूसियों आणि जिरार यांचं: डेंड्रिटिक पेशी काढून टाकल्या तर एचईव्हीची ओळखच पुसट होते, पेशी आत येणं कमी होतं. डेंड्रिटिक पेशी लिम्फोटॉक्सिन हा संदेश देत राहतात तोवरच शीर 'उंच' राहते.

ताई म्हणाल्या तेच थंडीचं पुढे नेतो. ७ अंशाला एलएफए-१ सारखे घट्ट पकडणारे हात (इंटेग्रिन) नीट काम करत नाहीत, सिलेक्टिनची पकड टिकते. म्हणून त्या प्रयोगात पहिली पायरी अगदी स्वच्छ वेगळी दिसली. १९८३ मध्ये स्टॅनफर्डला गॅलाटिन, वाइसमन आणि बुचर यांनी मेल-१४ ही अँटिबॉडी बनवली. तिनं लिम्फोसाइटवरचा तो हात झाकला की चिकटणं बंद. एल-सिलेक्टिन असं हाती लागलं.

काचपट्टी

खिशांबद्दल खूप आभार. म्हणजे मला भिंतीत दोन-तीन दाणे एकत्र दाटलेले दिसतात ते ताटकळणारे असू शकतात! उद्या जुनी स्लाइड काढून बघते.

शीर उंच ठेवावी लागते याचा एक जुना पुरावाही सांगते. प्राण्याच्या ग्रंथीकडे येणारी लसीकावाहिनी कापली तर रक्तपुरवठा चालू असूनही काही आठवड्यांत एचईव्हीचं अस्तर चपटं होतं आणि लिम्फोसाइट येईनाशा होतात. खालून बातमी येणं थांबलं की दार बुजतं.

सांजवात

वाचतेय. माझ्या बहिणीला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे (आपल्याच लिम्फोसाइट मेंदूवर हल्ला करतात तो आजार), त्यावर फिंगोलिमॉडची गोळी चालू आहे. मागच्या महिन्यात एका लॅबच्या रिपोर्टात लिम्फोसाइट खूपच कमी आल्या, लाल अक्षरांत. तिथल्या माणसानं "ब्लड कॅन्सरची तपासणी करा" असं तोंडावर सांगितलं. आम्ही दोन रात्री झोपलो नाही. नंतर न्यूरॉलॉजिस्ट म्हणाले, या गोळीत असंच होतं. पण का, ते कुणी समजावलं नाही. तुमच्या सांडव्याशी याचा संबंध आहे का?

काचपट्टी

सांजवात, त्या दोन रात्रींचं वाचून फार वाईट वाटलं. रिपोर्ट देताना पेशंट कोणतं औषध घेतोय हे विचारायलाच हवं होतं.

संबंध थेट आहे. फिंगोलिमॉड एस-वन-पीसारखं दिसतं. त्यामुळे लिम्फोसाइट आपला एस-वन-पीचा ग्राहक आत ओढून घेते आणि तिला बाहेरची वाट कळत नाही. एचईव्हीचं दार उघडं, सांडवा बंद. पेशी ग्रंथीत थांबतात, मेंदूपर्यंत पोचत नाहीत. मुळात शरीरातल्या एकूण लिम्फोसाइटपैकी रक्तात साधारण २ टक्केच असतात. आपण सीबीसीत (रक्तपेशींच्या नेहमीच्या मोजणीत) मोजतो ते तेवढेच. या औषधावर तो आकडा मूळच्या २० ते ३० टक्क्यांवर येणं अपेक्षित आहे. पेशी मेलेल्या नाहीत, गाठींमध्ये आहेत.

तरी संसर्गाचा धोका वाढतो. ताप, खोकला, नागीण यांकडे दुर्लक्ष नको, आणि आकडा किती खाली चालेल हे न्यूरॉलॉजिस्टच ठरवतील. गोळी मनानं बंद करू नका, अचानक थांबवल्यावर आजार उसळू शकतो.

ऱ्हाईनकाठ

आत येण्याचं दार अडवणारं औषधही आहे. आतड्याकडे जाणाऱ्या लिम्फोसाइटच्या अंगावर वेगळा पत्ता असतो, अल्फा-४-बीटा-७. आतड्याच्या शिरांवर त्याची जोडी असते, मॅडकॅम-१. वेडोलिझुमॅब तो पत्ता झाकतं. अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन या आतड्याच्या सुजेच्या आजारांसाठी २०१४ पासून वापरात आहे. फक्त आतड्याचं दार अडतं, बाकी शरीराची फेरी चालू राहते.

ठिबक

माझा प्रश्न साधा आहे, पण रात्रभर डोक्यात होता. पाइपला एवढ्या ठिकाणी फटी पडत असतील आणि इतक्या पेशी सतत भिंतीतून जात असतील, तर रक्त गळून गाठ लाल का होत नाही?

काचपट्टी

ठिबक, हा अजिबात साधा प्रश्न नाही. २०१३ पर्यंत याचं नीट उत्तर नव्हतं.

उत्तर प्लेटलेटमध्ये निघालं. लिम्फोसाइटच्या मागोमाग थोड्या प्लेटलेट फटीतून बाहेर येतात. एचईव्हीभोवतीच्या जाळीदार पेशींवर पोडोप्लॅनिन नावाचं प्रथिन असतं. प्लेटलेटवरच्या क्लेक-२ शी त्याची गाठ पडली की प्लेटलेट तिथेच एस-वन-पी सोडते, आणि त्यानं अस्तराच्या पेशींमधली शिवण घट्ट होते. ज्या उंदरांत पोडोप्लॅनिन नव्हतं, त्यांच्या ग्रंथींत रक्तस्राव झाला, आणि वारंवार लस टोचल्यावर तर जास्तच. बघा, एकच रेणू लसीकेत बाहेरची वाट दाखवतो आणि शिरेपाशी शिवण घालतो.

बकुळ

माझी आई बॉम्बे ब्लड ग्रुपची आहे. कुठेतरी वाचलं होतं की या रक्तगटाचा आणि पांढऱ्या पेशी चिकटण्याच्या एका आजाराचा संबंध आहे. तेव्हापासून तिला साधी सर्दी झाली तरी मनात पाल चुकचुकते. आईला काही धोका आहे का?

काचपट्टी

बकुळ, आधी उत्तर: नाही. आईच्या प्रतिकारशक्तीला यानं काही होत नाही.

आता का ते. हा रक्तगट १९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी पहिल्यांदा नोंदवला. लाल पेशीवर एच नावाची खूण असते, तिच्या टोकाला फ्युकोज ही साखर. ए आणि बी या खुणा एचवरच बसतात. आईकडे ते फ्युकोज लाल पेशीवर लावणारं विकर (एन्झाइम) नाही, म्हणून एच नाही.

१९९२ मध्ये इस्रायलच्या डॉक्टरांनी दोन मुलांचा आजार लिहिला. वारंवार गंभीर संसर्ग, रक्तात पांढऱ्या पेशींचा आकडा प्रचंड, पण जखमेत पू धरत नाही, वाढ आणि बुद्धीची वाढही खुंटलेली. त्यांचा रक्तगट बॉम्बे निघाला! त्यांच्यात एक विकर नव्हे, फ्युकोज योग्य जागी पोचवण्याची वाटच बिघडलेली होती, हे २००१ मध्ये कळलं. सिलेक्टिन जी साखर धरतात तिलाही फ्युकोज लागतं. ती नसल्यानं न्यूट्रोफिल शिरेच्या भिंतीवर घरंगळूच शकत नव्हत्या, म्हणून रक्तातच साचत होत्या. काही मुलांना तोंडावाटे फ्युकोज दिल्यावर फायदाही झाला.

आईच्या पांढऱ्या पेशींवर आणि एचईव्हीवर फ्युकोज लावणारं विकर वेगळं असतं, ते शाबूत आहे. तिला काळजी एकाच गोष्टीची: रक्त लागलं तर बॉम्बे गटाचंच हवं, ओ सुद्धा चालत नाही. रक्तगटाची चिठ्ठी तिच्या पर्समध्ये आणि तुमच्या फोनमध्ये ठेवा, रक्तपेढीत नाव नोंदवा.

सुपारीफूल

कॅन्सरच्या गाठीतही एचईव्ही तयार होतात असं ऐकलं. खरं आहे का?

ऱ्हाईनकाठ

खरं आहे. स्तनाच्या, त्वचेच्या आणि इतरही काही ट्यूमरमध्ये दिसतात. तिथे लसीका ग्रंथी नसतेच, तरी लिम्फोसाइट जमून शिरा उंच होतात आणि नव्या लिम्फोसाइट आत घेतात. २०११ मध्ये तुलूझच्याच गटानं स्तनाच्या कॅन्सरमध्ये एचईव्ही जास्त असलेल्या रुग्णांची पुढची वाटचाल बरी दिसली असं दाखवलं. इम्युनोथेरपीवाले आता या शिरा मुद्दाम वाढवता येतील का ते बघत आहेत.

काचपट्टी

धागा अवधाणावरून सुरू झाला, म्हणून एक गोष्ट कळकळीनं सांगते. जखमेनंतर आलेली, दुखरी, हातानं हलणारी गाठ बहुतेक वेळा आपलं काम करून आठवड्या-दोन आठवड्यांत बसते. पण जखम नसताना आलेली, न दुखणारी, टणक, वाढत जाणारी, किंवा दोन-तीन आठवड्यांनंतरही न बसणारी गाठ असेल, सोबत रात्री घाम, बारीक ताप, वजन उतरणं असेल, तर शेकत बसू नका. सुईनं तपासणी पाच मिनिटांची असते. आपल्याकडे मानेतल्या गंडमाळा पुष्कळदा क्षयाच्या निघतात. त्या औषधानं पूर्ण बऱ्या होतात, पण लोक सहा-सहा महिने लेप लावून मग आमच्याकडे येतात. त्या स्लाइडवर ग्रंथीचा मधला भाग पनीरासारखा मेलेला दिसतो, तिथे ना खसखस, ना हरभरे.

वावरातला

ताई, तुमचं वाचून वडिलांचा पाय नीट बघितला. टाचेत बाभळीचा काटा होता, वर कातडी जुळून आलेली. सरकारी दवाखान्यात काढला, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. अवधाण अजून आहे, पण कालच्यापेक्षा मऊ लागतंय.

बकुळ

आईला आत्ताच फोन केला. ती म्हणाली, चिठ्ठी तर मी पर्समध्ये केव्हाची ठेवलीय, तूच विचारलं नाहीस.

काचपट्टी

वावरातला, मऊ लागतंय म्हणजे छान. टाच आठवडाभर कोरडी ठेवा.

ऱ्हाईनकाठ, जुनी स्लाइड काढली. एका शिरेच्या भिंतीत सहा लिम्फोसाइट एकाच खळग्यात दाटून बसल्यात, वर अस्तराच्या पेशीचं पातळ पांघरूण. १९ वर्षांत हे शंभरदा डोळ्यांखालून गेलं असेल. आज पहिल्यांदा मोजल्या.